आईंच्या नावावरचं स्वयंपाकघर

कुपवाडच्या माळावर जागा घेतली तेव्हापासून आवटींच्या घरात रोज स्वयंपाकघरावरून वाद व्हायचा. नदीकाठचं सांगलीतलं घर आता दर पावसाळ्यात पाण्यात जात होतं. धान्याचे डबे माळ्यावर चढवा, फ्रिज जिन्यातून वर ओढा, पाणी ओसरलं की भिंतींवरचा गाळ खरवडा, या सगळ्याला घर कंटाळलं होतं. नवं घर उंचावर होतं आणि कोरं होतं, त्यामुळे प्रत्येकाच्या मनात त्याचं वेगळं चित्र होतं.

सत्यजितला ओट्यावर एक चमचासुद्धा दिसायला नको होता. तो ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवायचा. उंच, डावखुरा, टापटिपीचा माणूस. सगळं कपाटात, कपाटांना दारं, दारांना मूठही नको, बोटानं दाबलं की उघडायची. त्याच्या आईला, विजयमालाबाईंना, पूर्वेची खिडकी हवी होती आणि विजेच्या शेगडीच्या शेजारी गॅसचा एक तरी बर्नर हवा होता. "भाकरीला जाळ लागतो," त्या म्हणायच्या. "तुमच्या त्या काचेवर भाकरी फुगत नाही, नुसती वाळते." मयूरीला, म्हणजे सत्यजितच्या बायकोला, एवढंच हवं होतं की तिघं एकाच वेळी आत शिरले तर कुणाचं कोपर कुणाला लागू नये. त्यांची मुलगी अन्विता पुण्यात हॉस्टेलवर होती. तिचं म्हणणं होतं की सुट्टीत आल्यावर तिला मिळेल ते चालेल.

आर्किटेक्ट तन्वीर मुजावरनं हे सगळं ऐकून घेतलं आणि हसून म्हणाला, "मॅडम, ओटा किती उंच हवा हे मी विचारणारच नाही. माणूस सांगतो एक आणि वागतो दुसरं. आपण महिनाभर 'वावर' लावू."

एव्हाना मोठ्या शहरांत घर बांधणारे सगळे 'वावर' लावत होते. सांगलीत ते नुकतंच आलं होतं. छताला बशीएवढ्या चार पांढऱ्या चकत्या चिकटवायच्या. त्यात कॅमेरा नाही, माईक नाही. घरातल्या वाय-फायसारख्याच रेडिओलहरी त्यातून निघतात, माणसाच्या अंगावर आपटून परत येतात, आणि त्या परतीच्या लहरींवरून कॉम्प्युटर घरातल्या माणसांच्या काड्यांसारख्या आकृत्या उभ्या करतो. कोण किती लांब पाऊल टाकतं, कुणाचा हात किती वर जातो, कोण वळताना भिंतीचा आधार घेतं, कोण खोलीत शिरून क्षणभर नुसतं उभं राहतं, हे सगळं त्यात येतं. मग आधी नोंदवलेल्या लाखो घरांशी या हालचाली ताडून बघायच्या. त्या घरांतली माणसं पुढं कशी म्हातारी झाली, कुणाचे गुडघे गेले, कोण पडलं, कोण भाजलं, हे कॉम्प्युटरला ठाऊक असतं. त्यावरून या घरातली काडीमाणसं तीस वर्षांत कशी बदलतील याचा अंदाज घेऊन तो त्यांना नव्या घराच्या आराखड्यात सोडतो. ती तिथं स्वयंपाक करतात, धडपडतात, थकतात. हा खेळ हजारो वेळा होतो, आणि प्रत्येक वेळी सिंक थोडं सरकतं, दार थोडं फिरतं. ज्या रचनेत माणसं सगळ्यांत कमी थकतात, कमी पडतात, कमी भाजतात, ती शेवटी समोर येते.

'वावर' कारण मात्र सांगत नव्हतं. हालचालींवरून काढलेला आजाराचा अंदाज डॉक्टरशिवाय कुणी कुणाला सांगायचा नाही, असा कायदा झाला होता, त्यामुळे कंपनीनं कारणं कुलपात ठेवली होती. बाहेर यायच्या त्या फक्त भिंती, ओटे, दारं आणि दिवे.

त्या महिन्यात अन्विताही सुट्टीत राहून गेली. महिन्यानं तन्वीरनं तिघांना ऑफिसात बोलावलं. मोठ्या रिकाम्या हॉलच्या फरशीवर त्यानं आराखडा खऱ्या मापात प्रकाशानं उमटवला होता. भिंतींच्या जागी निळ्या रेघा होत्या आणि कपाटांच्या जागी हवेत तरंगणाऱ्या पिवळ्या चौकटी.

"चला, घरात या," तो म्हणाला.

सिंक पूर्वेच्या खिडकीखाली होतं. फ्रिजकडून सिंककडं, सिंककडून शेगडीकडं दोन-दोन पावलांत जाता येत होतं. विजेची शेगडी अशी होती की समोरचा माणूस लांब गेला की ती आपोआप बंद व्हावी. विजयमालाबाईंचा गॅस बर्नरही कोपऱ्यात होता. तन्वीरनं तो त्यांच्या शब्दाखातर ठेवला होता. मग सत्यजित थांबला.

"कपाटांना दारं कुठायत?"

दारं नव्हतीच. सगळ्या फळ्या उघड्या. ड्रॉवरची तोंडं काचेची. मोठ्या बेडरूममधल्या पलंगावरून बाथरूमचं दार सरळ समोर दिसत होतं आणि फरशीत दिव्यांची एक पट्टी तिथपर्यंत गेली होती. घराचं बाहेरचं दार मात्र एका वळणाआड लपवलं होतं. मुद्दाम शोधल्याशिवाय ते सापडू नये असं.

"हे काय, किराणा मालाचं दुकान?" सत्यजित हसला आणि हसता हसता गप्प झाला.

तिघांनाही एकदम आप्पा आठवले होते. सत्यजितचे वडील. साठी गाठायच्या आधीच त्यांना विसरण्याचं दुखणं लागलं होतं. बंद कपाटापुढं ते तास तास उभे राहायचे, कारण दाराआड काय आहे हे त्यांना आठवायचं नाही, आणि दार उघडून बघावं हेही सुचायचं नाही. शेवटी विजयमालाबाईंनी स्वतः पेचकस घेऊन स्वयंपाकघरातली सगळी दारं काढून टाकली होती. बाहेरचं दार दिसलं की ते चालू पडायचे, म्हणून त्यावर पडदा लावला होता.

सत्यजितनं आईच्या खांद्यावर हात ठेवला. त्याचा आवाज एकदम मऊ झाला. "असू दे. असंच करू आपण. छान दिसेल."

विजयमालाबाई पिवळ्या चौकटींपाशी गेल्या आणि त्यांनी हात वर केला. रोजची भांडी ठेवायची फळी ओट्याच्या डाव्या अंगाला होती, आणि त्यांचा हात त्या फळीच्या बराच खाली राहिला. त्यांनी टाचा उंचावून बघितल्या. मग हात खाली घेतला, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "चला. मला बसू दे कुठं तरी."

मयूरीनं ते पाहिलं. विजयमालाबाई जेमतेम पाच फूट होत्या आणि उजव्या हातानं काम करायच्या.

मयूरी पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत होती. नमुन्यात काही वाईट सापडलं की एकेक घटक बाजूला काढून बघायची तिला सवय होती. तिनं सत्यजितला काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती एकटीच तन्वीरकडं गेली.

"मला कारण सांगू नका," ती म्हणाली. "कायदा मला माहीत आहे. मला फक्त आराखडा बदलून बघायचाय. घरातली माणसं कमी-जास्त करता येतात ना?"

तन्वीर तिच्याकडं बघत राहिला. "मॅडम, नका करू."

"घर माझं आहे. मुलगी शिकायला लांब गेली, परत आली नाही असं धरा. बघू काय होतं."

त्यानं कळ दाबली. फरशीवरच्या रेघा हलल्या. एक खोली लहान झाली. फळ्या उघड्याच राहिल्या.

"आता मला काढा."

ओटा चार बोटं वर सरकला. फळ्या तशाच.

"आता मी परत आले. आईंना काढा."

तन्वीरचा हात थांबला. मग त्यानं कळ दाबली. मागची खोली गेली, तिथं एक टेबल आलं. कपाटं उघडीच होती, दिव्यांची पट्टी जिथल्या तिथं होती आणि बाहेरचं दार अजून वळणाआड होतं.

मयूरी म्हणाली, "आई परत. सत्यजितला काढा."

सगळ्या कपाटांना एकाच वेळी दारं आली. फरशीतली पट्टी विझली. बाहेरचं दार वळणामागून सरकत पुढं आलं आणि हॉलच्या मधोमध उभं राहिलं, कुठल्याही घराचं असतं तसं.

अन्विताला एकटीला घरात ठेवून बघा, असं मयूरीच्या ओठावर आलं होतं. ती म्हणाली नाही.

"अंदाज चुकतो कधी?" तिनं विचारलं.

"चुकतो," तन्वीर म्हणाला. मग फरशीकडं बघत म्हणाला, "कधी कधी."

ती घरी आली तेव्हा विजयमालाबाई भाकरी थापत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"जाऊन आलीस?"

मयूरीच्या डोळ्यांत एकदम पाणी आलं. "तुम्हाला कसं कळलं?"

"आप्पांच्या वेळी ती फळी मी किती वर लावली होती ते माझ्या लक्षात आहे. त्यांच्या डोळ्यांसमोर येईल एवढी. तुझा नवरा उंचीनं बापावर गेलाय." त्यांनी भाकरी तव्यावर टाकली, वर पाणी फिरवलं. "आणि गेल्या वर्षापासून बघतेय मी. खोलीत येतो आणि उभा राहतो. मग उगीच खिसे चाचपतो. आप्पा अगदी असेच करायचे."

"त्याला सांगायला हवं, आई. आता नव्या गोळ्या निघाल्यात. थोडे दिवस लांबतं म्हणतात."

"त्यानं काय सांगितलं होतं ते तू विसरलीस?"

मयूरी विसरली नव्हती. आप्पांचे दिवस झाले, पाहुणे गेले, तेव्हा याच स्वयंपाकघरात बसून सत्यजित म्हणाला होता, "मला असं झालं तर मला कळू देऊ नका. दोघींनाही सांगतोय. आप्पांना आधी कळलं, म्हणून ते दोनदा मेले. मला माहीत नसताना जेवढं जगता येईल तेवढं जगू द्या." आणि त्यानं दोघींकडून हातावर हात मारून वचन घेतलं होतं.

"आप्पांनाही गोळ्या दिल्या होत्या," विजयमालाबाई म्हणाल्या. "सहा महिने जास्त ओळखलं त्यांनी मला. ते सहा महिने ते नुसते रडत होते." त्यांनी भाकरी उलटली. "त्याला वाटतंय ना ते माझ्यासाठी आहे? वाटू दे. ते स्वयंपाकघर माझ्याच नावावर राहू दे."

"तुम्हाला रोज नाटक करावं लागेल, आई."

"करीन की. माझं वय आहे विसरायचं. कुणी हसणार नाही."

मयूरीनं तरी एका डॉक्टरांची गाठ घेतली. ते म्हणाले की गोळ्यांनी दीड-दोन वर्षं मिळू शकतात, पण रोग्याला न सांगता आम्ही एक गोळीही देणार नाही. ती परत आली आणि तिनं तो विषय मनात ठेवून दिला. तो मनात राहिला, आणि पुढं कधी हलला नाही.

घर उभं राहिलं. वास्तुशांतीला आलेल्या लोकांनी उघडी कपाटं बघून नावाजली. सत्यजित प्रत्येकाला हलक्या आवाजात सांगत होता, "आईसाठी केलंय हो. आप्पांचं झालं तसं व्हायला नको, म्हणून." ऐकणारे त्याच्याकडं कौतुकानं बघायचे. विजयमालाबाई कोपऱ्यात खुर्चीवर बसून प्रसादाचे द्रोण भरत होत्या.

पहिल्या वर्षी फार काही झालं नाही. चष्मा तांदळाच्या डब्यात सापडला. एकदा देवघरातली समई फ्रिजमध्ये निघाली. विजयमालाबाईंनी ती आधी पाहिली, आणि सत्यजित पाणी प्यायला आला तेव्हा कपाळावर हात मारून म्हणाल्या, "बघ बाई, मी काय करून ठेवलंय!" तो हसला. त्यानं समई उचलून जागेवर ठेवली, आईच्या गालावरून हात फिरवला. मयूरी शेजारी उभी राहून कोथिंबीर निवडत होती. ती समई सकाळी कुणाच्या हातात होती, हे तिला माहीत होतं.

पुढं पुढं तो हसेनासा झाला. एकच गोष्ट आईला पुन्हा पुन्हा समजावून सांगायचा आणि तिनं मान डोलावली की चिडायचा. स्वतःच्या आत काही तरी निसटतंय हे त्याला कुठं तरी जाणवत असावं. तो राग बाहेर काढायला आई समोर होती.

मग एका रविवारी सकाळी तो स्वयंपाकघरात आला. विजेच्या शेगडीवर कुकर होता, म्हणून त्यानं गॅस पेटवून दुधाचं पातेलं ठेवलं, आणि पेपर आणायला बाहेर गेला. मयूरीनं त्याला गॅस पेटवताना बघितलं होतं. ती कपडे वाळत घालायला गच्चीवर गेली. परत आली तेव्हा दूध करपून धूर झाला होता, शेजारचं फडकं पेटलं होतं आणि सत्यजित ओरडत त्यावर पाणी ओतत होता.

"कुणी ठेवलं हे? कुणी ठेवलं?"

विजयमालाबाई आपल्या खोलीतून धावत आल्या. त्यांच्या हातात जपमाळ होती. त्यांनी धुराकडं बघितलं, मग मयूरीकडं बघितलं.

"मीच रे," त्या म्हणाल्या. "मला वाटलं चहा टाकावा. माझ्या डोक्यातूनच गेलं."

"घर जळलं असतं, आई!" सत्यजितचा आवाज फाटला होता. "आजपासून गॅसला हात लावायचा नाही. शेगडीलाही नाही. तू स्वयंपाक करायचाच नाहीस. कळलं का? सांग, कळलं का?"

"कळलं."

"म्हणून दाखव!"

"मी स्वयंपाक करणार नाही," विजयमालाबाई म्हणाल्या.

मयूरीनं तोंड उघडलं होतं. विजयमालाबाईंनी तिच्याकडं बघून मान हलवली. अगदी थोडी.

लग्न होऊन आल्यापासून त्या बाईनं रोज सकाळी चूल, स्टोव्ह नाही तर गॅस पेटवला होता. त्या दिवसानंतर त्यांनी कशालाच हात लावला नाही. स्वयंपाकघरात यायच्या, खिडकीशी खुर्चीवर बसायच्या, शेंगा सोलून द्यायच्या. मयूरीच्या भाकऱ्या कडेला चिरायच्या. विजयमालाबाई बघत राहायच्या आणि काही सांगायच्या नाहीत. एकदा सत्यजित कॉलेजला गेल्यावर मयूरी म्हणाली, "आई, तो नाहीये. तुम्ही करा ना आज."

"नको गं," त्या म्हणाल्या. "सवय मोडली की बरं. परत लावून घेतली तर त्याच्यासमोर हात शिवशिवतील."

पुढच्या थंडीत त्यांना न्यूमोनिया झाला आणि आठवड्याभरात त्या गेल्या. दवाखान्यात शेवटी त्या शुद्धीवर होत्या आणि सगळ्यांना नावानिशी ओळखत होत्या. सत्यजितला त्याचं फार नवल वाटलं. "शेवटी देवानं तिचं डोकं साफ केलं बघ," तो सगळ्यांना सांगत राहिला.

दिवस झाल्यावर थोड्याच दिवसांत त्यानं सुताराला बोलावलं. मयूरी कामावरून परत आली तेव्हा सुतार फळ्यांना टेप लावत होता आणि सत्यजित त्याला खुशीत सांगत होता.

"आता दारं बसवून टाका सगळ्याला. आई होती म्हणून उघडं ठेवलं होतं. फार विसरायची हो. समई फ्रिजमध्ये ठेवली होती एकदा! एकदा तर गॅस चालू ठेवून निघून गेली, सगळं घर पेटलं असतं. फार सांभाळावं लागलं आम्हाला शेवटी शेवटी."

सुतार मान डोलवत हसला.

मयूरी दारातच उभी राहिली. वेळ मारून नेणं अवघड नव्हतं. मलाच उघडी कपाटं आवडतात, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण सुतार हसला आणि ते तिला सहन झालं नाही. तिनं त्याला उद्या यायला सांगून पाठवून दिलं. मग सत्यजितला खुर्चीवर बसवलं आणि सगळं सांगितलं. तन्वीरच्या हॉलमधल्या रेघा, दारं आली ते, समई, दूध.

त्यानं ते ऐकून घेतलं. मग म्हणाला, "एवढे दिवस तू मला सांगितलं नाहीस."

"तूच म्हणाला होतास, सांगू नका. आप्पांचे दिवस झाले तेव्हा. आमच्याकडून वचन घेतलं होतंस."

सत्यजितनं कपाळाला आठ्या घातल्या. त्यानं खरंच आठवायचा प्रयत्न केला.

"मी?" तो म्हणाला. "मी असं म्हणालो होतो?"

खिडकीतून ऊन आत आलं होतं आणि फळ्यांवरची स्टीलची भांडी चमकत होती.

"आईला माहीत होतं?"

"त्यांना माझ्याआधी कळलं होतं."

तो गॅसकडं बघत राहिला. त्याचे ओठ हलत होते. "मी तिला म्हणून दाखवायला लावलं," तो म्हणाला. "लहान पोरीसारखं. आणि तिनं म्हटलं." मग त्यानं ओट्यावर डोकं टेकलं आणि तो रडला. मयूरी त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी होती.

शांत झाल्यावर त्यानं तिचा हात घट्ट धरला. "मी हे विसरेन. विसरलो की मला परत सांग. कितीही वेळा लागू दे. तिच्यावर हे राहता कामा नये. शपथ घे."

तिनं शपथ घेतली, आणि पाळली. त्या उन्हाळ्यात तिनं त्याला पुन्हा सांगितलं, पावसाळ्यात पुन्हा सांगितलं. प्रत्येक वेळी तो ते नव्यानं ऐकायचा. आधी रागवायचा, मग विचारायचा, "आईला माहीत होतं?", आणि मग ओट्यावर डोकं टेकून तसाच रडायचा. दुसऱ्या दिवशी त्यातलं काही उरायचं नाही. फक्त डोळे सुजलेले असायचे आणि ते का सुजलेत हे त्याला कळायचं नाही. त्याची कॉलेजातली नोकरी सुटली होती, आणि गोळ्यांची वेळ आता निघून गेली असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. अन्विता फोनवर विचारायची, "आई, बाबांना बरं आहे ना?", आणि मयूरी तिच्या आवाजात काही अडखळतंय का ते कान देऊन ऐकायची.

दिवाळीच्या सुमाराला एका सकाळी तो चहाचा कप शोधत फळीपाशी आला. कप डोळ्यांसमोरच होता. त्यानं तो डाव्या हातानं घेतला, मग मागं सरकून सगळ्या फळ्यांवरून नजर फिरवली.

"ही कपाटं अशी उघडी का गं?" त्यानं विचारलं. "दारं का नाहीत यांना?"

मयूरीच्या हातात चहाचं पातेलं होतं. तिनं त्याच्याकडं बघितलं. आदल्या रात्री त्याला छान झोप लागली होती. चेहरा ताजा होता, केस विंचरलेले होते.

"आईंसाठी," ती म्हणाली. "त्या फार विसरायच्या."

"बिचारी," सत्यजित म्हणाला, आणि त्यानं कप पुढं केला.